समोरच्या दातांतली फट

आये, तुझ्या पणतीनं काल समोरच्या दातांनी पेरू फोडला. दाढेकडं नेला नाही, कडेनं कुरतडला नाही, चाकू मागितला नाही. सरळ तोंडासमोर धरला आणि कचकन तोडला. पेरूवर वरच्या दातांची एक रेघ आणि खालच्या दातांची एक रेघ, दोन्ही एकमेकींना भेटलेल्या. मी तो पेरू तिच्या हातातून काढून घेतला आणि घरभर दाखवत फिरले. सून म्हणाली, "आवं आत्ती, पेरू हाय त्यो, परसाद न्हवं." मी म्हटलं, तुला काय कळतंय. पोरगी माझ्यामागं "आजी, माझा पेरू दे" म्हणून ओरडत होती, ती रडायला आली तेव्हा कुठं दिला. एवढा आनंद मला धाकट्याच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि त्या लग्नात मी वरातीत कशी नाचले होते ते गावाला ठाऊक आहे. पण ते सांगत बसले तर सांगायचं ते राहून जाईल.

तुला लिहायची ही पहिलीच वेळ. तू होतीस तेव्हा लिहायची गरज नव्हती, आणि तुला वाचायला येत नव्हतं. मलातरी कुठं फार येतंय, दुसरीपर्यंत गेले, तीही अर्धी शेणात आणि अर्धी शाळेत. जोडाक्षर आलं की हात अजून अडतो. पण हा आनंद सांगायला दुसरं माणूसच नाही गं. लेकाला सांगितलं तर म्हणतो, "चांगलं झालं, पैसे वसूल." सुनेला सांगितलं तर म्हणते परसाद. पेरूवरच्या त्या दोन रेघांचं मोल कळणारी एक तूच होतीस, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला आता मला डोळे मिटून बसावं लागतं.

ही पोरगी धाकट्याची. आम्ही आता सांगलीतच राहतो. तिलाही माझ्यासारखीच खोड. झोप आली, की उजवा अंगठा तोंडात आणि डाव्या हातात माझ्या लुगड्याचा काठ. शाळेला जायला लागली तरी सुटेना. वरचे दात पुढं आले, खालचे आत गेले, आणि मधे अशी फट पडली की तोंड मिटलं तरी त्यातून जीभ बाहेर काढून दाखवायची. पाहुणे आले की हाच तिचा खेळ. सुनेनं अंगठ्याला कडुलिंबाचं तेल लावून पाहिलं. मी म्हटलं, नको गं बाई, त्यानं काही होत नाही, उगं पोरीच्या तोंडाची चव जाते. "तुम्हाला काय म्हाईत?" म्हणाली.

शेवटी दातांच्या डॉक्टरणीकडं नेली. लहानसर पोरगी आहे ती, डॉक्टरीण म्हणजे. दवाखान्यात काचेच्या पेटीत मासे ठेवलेत, पोरांनी ते बघत बसावं म्हणून. मीच बघत बसले. तिनं नातीला खुर्चीवर आडवी केली, तोंडात आरसा फिरवला आणि आम्हाला समजावून सांगितलं. वरच्या दाढांना दोन कड्या बसवायच्या आणि त्यांना जोडून टाळूच्या पुढं तारेचं लहान कुंपण करायचं. मग अंगठा आत गेला तरी टाळूला टेकत नाही. टेकला नाही की त्यातली गोडी जाते, आणि गोडी गेली की पोर आपणहून सोडतं. फटीतून पुढं यायची जिभेची खोडसुद्धा त्यानं मोडते. मग दात आपली जागा धरायला लागतात, ते कुणी ओढायला नको. "पण तिला पटल्याशिवाय मी बसवणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. "रागवायचं नाही, चिडवायचं नाही. आणि हात-बित बांधायचे नाहीत, काही जण बांधतात." हे ती अगदी सहज बोलली. माझे दोन्ही हात मांडीवर ताठ झाले, कोपरापासून. मी मासे बघतेय असं दाखवलं.

नातीनं विचार करून हो म्हटलं. पहिले दिवस वाईट गेले. बोबडं बोलायची, भात तारेत अडकायचा, एकदा रागानं ताट ढकललं. मग विसरूनच गेली. तार काढली त्या दिवशी डॉक्टरणीला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "आजी, तुम्ही पण आ करा बघू." मी केलं. "अरे, तुमचं तर हिच्यापेक्षा जास्त उघडं आहे! लहानपणी कुणी काहीच केलं नाही का हो?" मी काही बोलायच्या आत लेक म्हणाला, "त्या काळी खेड्यात कुठलं काय. कुणाला कळत होतं?"

कळत होतं की. सगळ्यांना कळत होतं.

तेव्हा आपण इस्लामपूरच्या अलीकडं, नदीकाठच्या घरात. दादा, म्हणजे माझे वडील, लढाईवर गेलेले, कुठल्या मुलखात ते आपल्याला नीट सांगताही येत नव्हतं, नुसतं 'तिकडं' म्हणायचो. घरात आजीचा शब्द, आणि बाहेर थोरल्या चुलत्यांचा. आणि मी, कडेवरून उतरले तरी अंगठा न उतरलेली. काय काय केलं तुम्ही त्या अंगठ्याचं! कडुलिंबाचा पाला वाटून लावला, मी तो चाटून थुंकला आणि पाल्याखालचा अंगठा परत तोंडात घातला. कोरफड लावली. मिरची लावली, ती तोंडात जायच्या आधी डोळ्यात गेली आणि तू मला धरून रांजणापाशी नेलंस. चुलते गोठ्याकडं बघून म्हणाले, "वासरू आचळ सोडंना तर त्येच्या तोंडाला काट्याचं मुसकं घालतो न्हवं? हिला घाला एक." सगळी हसली. तूही हसलीस, पदराआड. मला वाटलं हे खरंच मुसकं घालणार, म्हणून मी दिवसभर वासराजवळ जाऊन त्याचं तोंड बघत होते.

पण हसण्यावारी गेलं ते पंचमीला आत्या म्हसवडहून माहेराला येईपर्यंतच. आत्याच्या लेकाला मी जन्मल्यापासून दिलेली. आपल्यात भाची आत्याच्या घरी जायची रीतच, त्यात नवीन काही नव्हतं. पण आत्याचं म्हणणं, लग्न होईल तेव्हा होईल, पोरगी आत्ताच न्यायची, म्हणजे हाताखाली तयार होते, घराचं वळण लागतं. तिकडं माणदेशात पाणी लांबनं आणायचं, घरात मेंढरं, माणूस कमी. हे ती बोलायची नाही, पण तुला ते न बोलता ऐकू येत होतं. खरं सांगायचं तर मला आत्या आवडायची. तिनं शेंगदाण्याचे लाडू आणले होते, आणि कोकरू मांडीवर घेऊन झोपता येतं असं सांगितलं होतं. तिनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि म्हणाली, "आगं बया, ही दातं का फावडं? आई, आसली पोर मी घिऊन ग्येले तर माजी जाऊ मला गावभर करंल. आदी त्ये बोट सोडवा, दात म्हागं बसू द्या. मग न्हेते."

आजीनं दुसऱ्याच दिवशी हाडं बसवणाऱ्याकडून बांबूच्या कामट्या मागवल्या. मोडलेल्या हाताला बांधतात तशा, कोपराच्या वर आणि खाली, आत चिंध्या, वरून सुतळी. दोन्ही हातांना. हात मोडलेला नसताना कामट्या बांधलेलं पोर गावात मी एकटीच. कोपर वाकेना म्हणजे अंगठा तोंडापर्यंत जाईना, एवढी साधी गोष्ट. पण कोपर वाकेना म्हणजे आणखी काय काय होत नाही, हे बांधून घेतल्याशिवाय कळत नाही बघ. नाकावर माशी बसली की ती उडवता येत नाही. ती बसते, चालते, डोळ्याच्या कोपऱ्यात जाऊन पाणी पिते, आणि मी मान हलवत बसलेय. डोकं खाजलं की सोप्यातल्या खांबाला घासायचं, म्हैस घासते तसं. हातात भाकरी धरता येते, पण ती भाकरी तोंडापासून हातभर लांबच राहते, ती दिसते, तिचा वास येतो, आणि कोंबडी येऊन तुकडा तोडून नेते. मी ओरडतेय आणि कोंबडीला ठाऊक आहे की ही काही करू शकत नाही. एकदा मी भाकरी जोत्यावर ठेवून वाकून तोंडानंच खाल्ली तर आजीनं पाठीत रट्टा घातला, "जनावर हायस व्हय गं?" पोरं मला शिवारातलं बुजगावणं म्हणायची. माझ्या समोर येऊन हात ताठ करून उभी राहायची आणि कावळे उडवायची. मी त्यांच्या मागं पळायला लागले की तोल जाऊन पडायचे, आणि पडल्यावर हात टेकून उठता येत नसे. तशीच पडून राहायचे, आभाळाकडं बघत. आजही मला कुणी गोधडीत घट्ट गुंडाळलेलं खपत नाही. थंडीतसुद्धा हात बाहेर लागतात.

पण त्यात एक झालं. मला भरवायला तू लागायचीस. धाकटी सून तू, पहाटे जात्यावर बसलेली, मग पाणी, शेण, चूल, रान, आणि घरची सगळी जेवून उठली की उरलेलं चुलीच्या वैलापाशी उकिडवं बसून खायचीस. तुला मी खाली टेकलेली कधी बघितलीच नव्हती. आता माझ्यासाठी बसावंच लागायचं. ताटली मांडीवर घेऊन तू माझ्यासमोर मांडी घालून बसायचीस, घास करायचीस, फुंकायचीस, आणि मी आ करायचे. आजी दारातून जाताना म्हणायची, "बसली राणी राजकन्येला भरवत." तू मान वर करायची नाहीस. पण घास लहान करायला लागलीस. आधी एका भाकरीचे जेवढे घास व्हायचे, त्याच्या दुप्पट करायचीस, म्हणजे तेवढाच वेळ जास्त बसायला मिळावं. आपण दोघी बांधलेल्याच होतो, आये. फक्त माझ्या सुतळ्या दिसत होत्या.

दिवाळी झाली तरी दात हलायचं नाव घेईनात. चुलत्यांना कुणीतरी सांगितलं, सांगलीत दातांचा डॉक्टर बसतो. कवळ्या करतो, दात उपटतो, पोरांचंही बघतो. मला वाटेत भरवायला आणि बाहेर न्यायला तू हवीस, म्हणून तुलाही नेलं. नाहीतर तुला कशाला कुणी सांगली दाखवतंय. ती सर्व्हिस मोटार आठवते का? लढाईमुळं पेट्रोल नाही, कोळशावर चालणारी, मागं मोठी टाकी धुमसतेय. चढ आला की मोटार थांबायची आणि सगळ्यांनी उतरून ढकलायची. माझे हात आधीच ताठ, मी पुढं होऊन दोन्ही हात लावून ढकलायला लागले तर डायवर म्हणाला, "हिला दर खेपंला आणा, तिकीट माफ." तू त्या दिवशी मोठ्यानं हसलीस. चुलत्यांदेखत.

डॉक्टर म्हातारे होते, धोतर आणि वर काळा कोट. त्यांनी माझ्या कामट्या बघितल्या आणि चुलत्यांना विचारलं, "हात कधी मोडला?" चुलत्यांनी सांगितलं तसे ते खुर्चीत मागं टेकले. "अहो, चोर पकडलाय का? सोडा तिला." मग माझा ओठ वर करून म्हणाले, "हे नवे दात आताच आलेत. हाड अजून मऊ आहे. अंगठा सुटला की वर्षभरात ओठच त्यांना दाबून मागं बसवतील, काही करावं लागणार नाही. पण अंगठा चालूच राहिला तर ही फट अशीच पक्की होईल. मग मोठेपणी तुम्ही आलात तरी माझ्या हातात काही नाही." चुलते व्हय व्हय म्हणत होते. तू भिंतीला टेकून पदर दातात धरून उभी होतीस. परत येताना मोटारीत तू एक शब्द बोलली नाहीस, चढावर उतरलीस तरी नाही. मला वाटलं तुला बरं नाही.

घरी आल्यावर चुलते म्हणाले, सोडा पोरीला, डॉक्टर हात सोडा म्हणालाय. आजी म्हणाली, "त्येचं काय जातंय सोडा म्हनाया. दात बसस्तवर ऱ्हाऊ द्या." आणि मी तुझ्याकडं बघत होते, की आता ही माझ्या बाजूनं बोलेल. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या, आत्ती. मी रानात घिऊन जात जाईन तिला, घरात पिरपीर नगं." तुझा मला एवढा राग आला की त्या दिवशी मी तुझ्या हातचा घास थुंकला.

दुसऱ्या दिवशी खुरपायला गेलो. ऊस तेव्हा माणसाच्या वर गेलेला, आत शिरलं की बांधावरून दिसत नाही. दुपारची बायकांची पंगत विहिरीपाशी होती, तू मला घेऊन सरीत आत आत गेलीस, पाचट बाजूला केलंस आणि खाली बसलीस. सुतळी सोडलीस. एका हाताची, मग दुसऱ्याची. कामट्यांनी कोपराला वळ पडले होते, त्यावर चोळलंस. मला हात वाकवताच येईना, दुखत होतं. तू हळूहळू वाकवलास, मनगटाला धरून तोंडापर्यंत आणलास आणि अंगठा माझ्या ओठाला लावलास.

"चोख," म्हणालीस.

मला वाटलं ही परीक्षा आहे. चोखला की पाठीत बसणार. मी म्हटलं, "आये, आजी मारंल."

"आजी न्हाई हितं. मी हाय न्हवं? चोख."

"दात पुढं येत्यात."

"येऊ देत. ऐकलंस न्हवं त्यो डाक्टर काय म्हनला? दात बसलं की आत्या तुला न्हील. मला आट वर्साची आनली हुती ह्या घरात माज्या आत्यानं. औंधाच्या यात्रंला न्हेते म्हनली आनि हितं आनली. आजून यात्रा आली न्हाई." एवढंच बोललीस. आणि मग डोळ्याला पदर लावलास.

माझी आजी म्हणजे तुझी सख्खी आत्या, हे मला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. पण तुलाही कुणीतरी आठ वर्षांची असताना हाताला धरून आणली होती, हे मला त्या सरीत कळलं. मी अंगठा तोंडात घेतला.

मग रोजच. घरातून बांधून निघायचं, उसात शिरलं की सुटायचं. तू खुरपत पुढं जायचीस आणि मी तुझ्या मागं सरीत बसून अंगठा चोखायचे, दिवस कलेपर्यंत. मधेच वळून बघायचीस आणि हातानंच 'चालू दे' म्हणायचीस. संध्याकाळी परत सुतळी. तुझी गाठ मोठी घट्ट असायची, आजीनं ओढून बघितली तरी हलू नये अशी. आजी वैतागली होती. "बांदून बांदून हात वाळलं, पन दात काय हलंना. कसलं हाड हाय ह्या पोरीचं!" तू चुलीत फुंकर मारत बसायचीस.

पुढच्या साली गुऱ्हाळ लागलं तेव्हा आत्या आली. सोप्यात सगळी बसलेली. तिनं उसाची एक कांडी माझ्या हातात दिली, माझे हात त्या दिवसापुरते सोडले होते, आणि म्हणाली, "सोल बगू दातानं." आपल्याकडं ऊस दातानं सोलता न येणारं पोर असतं का? मी समोरच्या दातांत धरला. वरचा दात साल धरतोय, खाली काहीच नाही, कांडी नुसती जिभेवर घसरतेय. दाढेत घालून बघितला तर गालाला चिरलं, रक्त आलं. आत्या वाकून बघत होती. "वरचा-खालचा दात भेटतच न्हाई की गं. वरीसभर काय केलंसा? हिला हुरडाबी दाढनं खावा लागंल." आजी काहीतरी म्हणाली, आत्यानं हात झटकला. मग तिनं तीच कांडी थोरल्या चुलत्यांच्या पोरीला दिली. माझ्यापेक्षा एखाददुसऱ्या वर्षानं मोठी, मी तिला अक्का म्हणायचे. अक्कानं कांडी तोंडात धरली आणि सर्रदिशी साल खालपर्यंत ओढली, पांढरीशुभ्र. सगळी हसली, ती पण हसली. आत्या म्हणाली, "ही बग. हिला न्हेते."

मी आतल्या दाराकडं बघितलं. तिथं तू आणि चुलती शेजारी शेजारी उभ्या होतात. चुलतीचं तोंड पांढरं पडलं होतं. तुझं तोंड मी आजवर विसरले नाही आणि मला ते सांगताही येत नाही. एवढंच की तुझ्या तोंडावर आनंद नव्हता. अक्काचा विचार तू केलाच नव्हतास. उसात तुझ्या डोळ्यासमोर फक्त मी होते.

अक्का गेली. माझ्या कामट्या त्याच आठवड्यात चुलीत गेल्या. कुणी काही म्हणालं नाही, बांधायचं कारणच संपलं होतं. अक्का पहिल्यांदा माहेराला आली तेव्हा तिच्या डोक्यावर मधोमध घागरीच्या चुंबळीनं केस विरळ झाले होते. तू तिला न्हाऊ घातलंस, चुलतीच्या आधी. तेल घातलंस. त्यानंतर ती कवाही आली की पहिलं ताट तू तिला वाढायचीस, आणि चुलती म्हणायची, "धाकटीला माज्या पोरीचा लय लळा." तुझा हात ताटावर थांबायचा. मी बघायचे. आपण दोघींनी एकमेकींकडं बघायचं नाही असं न ठरवता ठरलं होतं. अक्कानं पुढं घर उभं केलं, पोरंबाळं झाली, मेंढरं वाढली, तिची सून तिला भिऊन असायची. ती शेवटचं मला भेटायला आली तेव्हा तिचा एकही दात पडला नव्हता. हसत म्हणाली, "तुजी दातं सरळ असती न्हवं, तर मी नदीकाठाला ऱ्हायले असते बग, पान्यात पाय सोडून." आम्ही दोघी खूप हसलो. ती खरोखर हसत होती. तिला काही माहीत नव्हतं. मी तिला चहा करून दिला आणि बशीत जास्त ओतला.

माझं लग्न पुढं झालंच की. फौजेतला माणूस मिळाला. बघायला आला तेव्हा मी घाबरून हसले, आणि म्हणे माझं हसू बघून त्यालाच हसू आलं. सुई ओवायच्या आधी दोरा तोडायचा तर दाढेत घालून तोडते, इतर बायका समोर तोडतात. कणीस कडेनं खाते. 'स' म्हणताना वारा जातो. एवढंच नुकसान. चांगली चार भिंतींत, मोकळ्या हातानं जगले. लेकाला मी डॉक्टरणीसमोर काही म्हणाले नाही. त्याला वाटतं त्याच्या आजीला, म्हणजे तुला, कळत नव्हतं. वाटू दे. हा कागद तर कुठं धाडायचा, तुझा पत्ता टपालवाल्याला काय सांगू, आणि घरात वाचून दाखवला तर सून रडेल आणि लेक विचारेल, अक्काच्या पोरांना सांगितलंस का. म्हणून हा इथंच ठेवते.

फक्त एक सांगायचं राहिलं. तू गेलीस तोवर मी हे बोलले नाही, कारण तुला वाईट वाटलं असतं. त्या दिवशी उसात तू माझा अंगठा ओठाला लावलास ना, तेव्हा मला तो नको होता. कामट्यांत राहून राहून त्याची ओढ केव्हाच गेली होती, मला आठवतही नव्हतं त्यात काय गोड लागायचं ते. त्याला सुतळीचा आणि घामाचा वास येत होता. पण तू माझं मनगट धरून बसली होतीस, डोळ्याला पदर लावून. मग मी चोखला. त्या दिवशी, आणि पुढच्या साली उसाला तुरे येईपर्यंत. तू वळून बघायचीस तेव्हा मी डोळेसुद्धा मिटून घ्यायचे, म्हणजे तुला वाटावं मला लय गोड लागतंय.